सतरा नंबरचा माउस

निपाणी,
६ ऑक्टोबर २०२४

चि. श्रद्धा,

अनेक आशीर्वाद.

दशलक्षण पर्वात एक दिवस आलीस, ताटातली पोळी अर्धी टाकून बस पकडलीस. त्याला महिना झाला, पत्र नाही. तुझा बाप पारिसा म्हणतो, "आक्का, फोन कर की तिला." कसला फोन? उजवा कान होता तोही आता गेला. पलीकडून कुणी बोललं की गिरणीत बसल्यासारखं वाटतं. चाळीस वर्षं मी चौकाचौकांत उभी राहून लोकांना ऐकवलं. आता मला कुणी ऐकवू शकत नाही. कर्मालाही विनोद कळतो म्हणायचं.

डोळे मात्र शाबूत आहेत. म्हणून लिही. मोबाइलवर अंगठ्यानं नव्हे, कागदावर. कागदावर खोटं लिहिताना हात अडखळतो, आणि मी अक्षर बघून ओळखते.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. कंपनीनं तुझी दहावीपासूनची मूळ गुणपत्रकं तीन वर्षांसाठी ठेवून घेतली म्हणे. खरं आहे? तुझे कागद दुसऱ्याच्या कपाटात, मग तू कुठे आहेस? आणि दुसरं, तू तिथं नेमकं करतेस काय? बापाला सांगता येत नाही. "माउसचं काहीतरी" एवढंच म्हणतो.

आणि जैनाच्या पोरीसारखी सांजेच्या आत जेवतेस ना?

राजमती आत्या

*

शहापूर, बेळगाव,
१३ ऑक्टोबर २०२४

ती. आत्या,

नमस्कार.

तुझं पाकीट घरमालकीण यशोदाबाईंनी मागावरून उठून आणून दिलं. म्हणाल्या, "एवढं जाड? लग्नाचं बोलणं काय गं?" मी म्हटलं, "न्हाय ओ, आत्याचं." तर म्हणाल्या, "मग लग्नापेक्षा कडकच असणार."

गुणपत्रकांचं खरं आहे. इथे सगळ्यांचीच ठेवतात. नागेंद्र सरांच्या खोलीत हिरवं लोखंडी कपाट आहे, त्यात. तीन वर्षं झाली की परत देतात. माझे सात महिने झाले.

कामाचं सांगते. उद्यमबागेत एका फौंड्रीच्या वरच्या मजल्यावर आमचा हॉल आहे. चाळीस जणी, चाळीस कॉम्प्युटर. परदेशातल्या दवाखान्यांचे अर्ज पडद्यावर येतात, ते वाचून रकान्यांत भरायचे. बसायच्या जागांना नंबर आहेत. माउस तीन मिनिटं हलला नाही की पडदा लाल होतो आणि सरांना कळतं. मग ते दारातून ओरडतात, "सुम्म कुंदरब्याड्री!" नुसतं बसू नका. ज्यांना कानडी येत नव्हतं त्यांनाही एवढं वाक्य आलं.

हे कसं कळतं म्हणून विचारशील. माउसचं बटण दाबलं की विंडोज त्याची एक चिठ्ठी तयार करते: पडद्यावर कुठे दाबलं, कुठलं बटण, किती वाजता. प्रोग्रामर तिला मेसेज म्हणतात. ती चिठ्ठी पडद्यावर उघडलेल्या चौकटीकडे, म्हणजे खिडकीकडे जाते, तेव्हा कुठे खिडकी उघडते किंवा मिटते. पण चिठ्ठी पोचायच्या आधी वाटेत एक छोटा प्रोग्राम उभा करता येतो. त्याला हूक म्हणतात. तो चिठ्ठी वाचतो आणि पुढे सोडतो. हे सगळं पापणी लवायच्या आत होतं, दाबणारीला पत्ताही लागत नाही. पण हूकला दिवसभराच्या सगळ्या चिठ्ठ्या दिसतात. कोण किती वेळ थांबली, कुणाचा हात कुठे फिरला.

असं इथलं आहे. सवय होते. हवा चांगली आहे. माझी काळजी करू नकोस.

श्रद्धा

*

निपाणी,
१८ ऑक्टोबर २०२४

चि. श्रद्धा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा उभी राहून वाचलं, कारण बसवेना.

म्हणजे तुमच्या बोटांच्या आणि तुमच्या कामाच्या मध्ये एक झडतीवाला उभा केलाय! आमच्या तंबाखूच्या वखारीतही झडतीवाला होता. संध्याकाळी दारावर उभा राहून बायांचे पदर झटकायला लावायचा. पण त्याला तोंड होतं, मिशा होत्या, घामाचा वास होता. शिवी द्यायला समोर कुणीतरी होतं. तुमचा दिसतही नाही. आणि तो दारावर नाही, प्रत्येकीच्या बोटाच्या टोकावर बसलाय. मी राज्यं बुडाल्याचे जाड जाड ग्रंथ वाचले. त्या सगळ्यांतून मला एकच कळलं: जुलमाला पहारेकरी लागतो, आणि पहारेकरी नेहमी आपल्याच गल्लीतला असतो. मालक कधी उन्हात उभा राहत नाही.

म्हणून विचारते, हा हूक लिहिला कुणी? आकाशातून तर पडला नाही. कुणीतरी शिकल्यासवरल्या, पोटभर जेवलेल्या माणसानं खुर्चीत बसून लिहिला. त्याला लाज नाही? घरी आई-बहीण नाही? त्याचं नाव मला कळव. मी लिहिते त्याला पत्र. कान गेले, जीभ गेली नाही.

आणि तू गप्प कशी? लहानपणापासून तुला सगळे सांगत आले: एकोणीस वर्षांच्या राजमतीनं वखारीत तंबाखूच्या पोत्यावर उभी राहून भाषण केलं आणि दीडशे बायांनी हात मांडीवर ठेवले. घोषणा नाही, दगड नाही. चाळणी समोर, हात मांडीवर. तीन दिवस. तू माझी भाची. चाळीस जणी आहात. बोल त्यांच्याशी! सवय होते म्हणतेस? बैलालाही होते. म्हणून काही तो जू मागून घेत नाही.

दिवाळीला येशील तेव्हा समोर बसून सगळं लिहून दाखव.

जेवणाचं उत्तर दिलं नाहीस.

आत्या

*

शहापूर,
१० नोव्हेंबर २०२४

ती. आत्या,

दिवाळीला आले नाही. बाबांना कळवलं, सुट्टी मिळाली नाही. सुट्टी होती. तुझ्यासमोर बसवलं नसतं.

तू त्या माणसाचं नाव विचारलंस. श्रद्धा पारिसा मगदूम.

हूक मी लिहिला. मार्चमध्ये सर म्हणाले, कुठले माउस बिघडलेत ते आपोआप कळायला हवं. मी आनंदानं लिहिला. पहिल्यांदा चालला तेव्हा एकटीच टाळी वाजवली. जुलैत सर म्हणाले, कोण किती वेळ थांबते तेही याच्यातून कळेल की. तेव्हा लाल पडदा केला. सप्टेंबरात तिसरी गोष्ट आली.

पडद्याच्या कोपऱ्यात "विश्रांती" असं बटण आहे. ते दाबलं की दहा मिनिटं मोजणी थांबते आणि उठता येतं. चार ते सहा कामाची घाई असते. सर म्हणाले, "त्या दोन तासांत ते चालायला नको. पण बंद दिसायलाही नको. बंद दिसलं की बायका भांडायला येतात." हूकच्या शेवटी एक आकडा असतो. शून्य ठेवला की चिठ्ठी पुढे जाते, एक ठेवला की वाटेतच गिळली जाते. चार ते सहा मी एक ठेवला. आत्या, मी केलं ते एवढंच. एक आकडा.

बायका दाबतात, काही होत नाही. त्यांना वाटतं माउस बिघडला. टेबलावर आपटतात, उलटा करून फुंकतात, शेजारणीचा ओढून बघतात. सरांनी गेल्या महिन्यात अकरा नवे माउस आणले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "बघा, तुमच्यासाठी किती करतो." मी माझ्या काचेच्या खोलीतून बघत होते.

सतरा नंबरला दिपाली बसायची, बेळगुंदीची. पाचवा महिना चालू होता. २५ ऑक्टोबरला पावणेसहाला ती खुर्चीतच आडवी झाली, कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं. तीन टाके. पोटातलं बरं आहे. शुद्धीवर आल्याबरोबर म्हणाली, "मी दाबलंतं की ओ. लई येळा दाबलं. चालंनाच." सरांनी यादी काढून दाखवली. यादीत तिच्या नावावर विश्रांतीची मागणी शून्य. दुसऱ्या दिवशी तिला कामावरून काढलं. खोटं बोलली म्हणून.

मी तिथेच उभी होते. काही बोलले नाही.

आता ते पत्र लिही. नाव तुझ्याकडे आहे.

श्रद्धा

*

(पोस्टकार्ड)

निपाणी, १४ नोव्हेंबर

श्रद्धा,

पत्र पोचलं. आत्ता लिहिलं तर भाषण होईल. थोडे दिवस दे.

राजमती

*

शहापूर,
१७ नोव्हेंबर २०२४

ती. आत्या,

कार्ड मिळालं. शिव्या असत्या तर बरं झालं असतं. खाली "आत्या" न लिहिता नुसतं "राजमती" लिहिलंस, तिथे बराच वेळ बघत बसले.

मी गप्प बसले नाही, हे तुला सांगायचं आहे. विंडोजचा एक नियम आहे. वाटेतला हूक चिठ्ठी हातात धरून वारंवार फार वेळ थांबला, की विंडोज त्याला काढून टाकते. कुणाला सांगत नाही, त्या हूकलाही कळत नाही. मंगळवारी मी माझ्या कोडात मुद्दाम तेवढा थांबा घातला; त्याला झोप म्हणतात. माउस थोडा वेळ अडखळले, आणि चाळीसही कॉम्प्युटरवरचा हूक गळून पडला. बुधवारी पाच वाजता विश्रांतीचं बटण चाललं! तेवीस नंबरची राजश्री आहे, चिकोडीची, आपल्यातलीच. ती बाहेर जाऊन सांजेच्या आत डबा खाऊन आली आणि शेजारणीला म्हणाली, "आज माउसनं पुण्य केलं."

शुक्रवारी सरांना सापडलं. "काय हो मॅडम, एवढी गाढवासारखी चूक?" म्हणाले. त्यांनी मला गाढव समजावं, याचं मला बरं वाटलं. मग शेजारी खुर्ची घेऊन बसले आणि माझ्याच हातानं ती ओळ काढायला लावली. चार ते सहा पुन्हा एक.

आता पुढचं. दिपालीच्या नवऱ्यानं, शामूनं, कामगार खात्याकडे अर्ज केलाय. कंपनीला लेखी खुलासा द्यायचा आहे, आणि प्रोग्राम माझा म्हणून खुलासाही मी द्यायचा. मजकूर सरांनी तयारच ठेवलाय: यंत्रणेत दोष नाही, सतरा नंबरवरून बटण दाबलं गेलं नाही. खाली माझी सही. २९ तारखेच्या शुक्रवारपर्यंत. कपाटाची किल्ली बोटात फिरवत सर म्हणाले, "तुमच्याच प्रोग्रामवर तुमचाच विश्वास नाही, असं तर नाही ना?"

आणि गेल्या पत्रात जे लिहिलं नाही ते आज लिहिते. गिळलेल्या प्रत्येक चिठ्ठीची नोंद मी एका वेगळ्या फाइलीत ठेवत आले. काही चुकलं तर शोधता यावं म्हणून, प्रोग्रामरची सवय. सरांना ती फाइल ठाऊक नाही. २५ ऑक्टोबर, सतरा नंबर: दिपालीनं सात वेळा दाबलं होतं.

मी काय करू? सोडून जाता येत नाही, कागद कपाटात. राहता येत नाही. इथे खोलीत बसले की यशोदाबाईंच्या मागावरचा धोटा ऐकू येतो. इकडून तिकडे, तिकडून इकडे. दिवसभर धावतो आणि मागाच्या बाहेर जात नाही.

तू सांग. तू पोत्यावर चढलीस तेव्हा तुझे पाय थरथरले नाहीत?

श्रद्धा

*

निपाणी,
२१ नोव्हेंबर २०२४

चि. श्रद्धा,

भाषण लिहिलं होतं. सात पानं. चांगलं जमलं होतं, म्हणूनच चुलीत घातलं.

पोत्यावर उभी राहून मी भाषण केलं, हे खोटं आहे. लोकांनी ते जोडलं, आणि चव्वेचाळीस वर्षं मी ते खोडलं नाही.

खरं असं. वखारीत बाया तंबाखू चाळायच्या. नाकातोंडात धूळ, दिवसभर खोकला. लिहिता येणारी मी एकटी. त्यांच्या तक्रारी मी कामगार अधिकाऱ्याला लिहायची. वखारीचा दिवाणजी म्हणाला, "पोरी, पाकिटं माझ्याकडे दे, पोस्टात मीच टाकतो." तीन पाकिटं दिली. मग एक दिवस तिन्ही त्याच्या गादीखाली दिसली. फोडलेली.

त्यानंतर मी आणखी तीन लिहिली, आणि त्याच्याच हातात दिली. ठाऊक असून. कारण तुझे आजोबा त्याच वखारीत वजनकाट्यावर होते. कारण जयाबाई खोकत खोकत मजकूर सांगायची आणि दुसऱ्या दिवशी विचारायची, "पोचलं का गं?" आणि "पोचेल" म्हणणं फार सोपं होतं. साहेब एखाद्या गुरुवारी येईल, असं मीच तिला म्हटलं होतं. ती दर गुरुवारी धुतलेलं लुगडं नेसून यायची. तंबाखूच्या धुळीत, धुतलेलं लुगडं.

चौथ्या गुरुवारी मी पोत्यावर चढले. शौर्य म्हणून नाही. खालून बोलले असते तर चाळण्यांच्या आवाजात ऐकू गेलं नसतं. मी म्हटलं, "तुमची पत्रं गेली नाहीत. मी ती दिवाणजीला दिली. मला ठाऊक होतं." तीन वाक्यं. भाषण एवढंच. जयाबाईनं माझ्याकडे बघितलं, चाळणीतून हात काढले आणि मांडीवर ठेवले. मग शेजारणीनं. मग सगळ्यांनी. आजोबांचं काम त्याच संध्याकाळी गेलं. जयाबाई माझ्याशी वर्षभर बोलली नाही.

पुढं मी शेकडो सभा गाजवल्या. कधी कधी वाटतं, ती सगळी भाषणं या तीन वाक्यांवर पांघरूण घालायला केली. टाळ्यांखाली पुष्कळ काही झाकतं. पहारेकरी आपल्याच गल्लीतला असतो असं तुला लिहिलं, ते ग्रंथात वाचलेलं नव्हतं.

तर तू काय कर, हे मी सांगणार नाही. तो हक्क मी ऑक्टोबरातल्या पत्रात उधळला. तुझी झोपेची युक्ती हुशारीची होती, पण चोरून केलेलं चांगलं काम मालकाला चूक वाटतं आणि बायकांना नशीब. दिपालीच्या हाती त्यातून काय पडलं? त्या सात वेळा दाबणारं बोट तिचं आहे. ती फाइल तुझी नाही.

पाय थरथरले का विचारलंस. पोतं भुसभुशीत असतं. पायांचं थरथरणं खालून दिसत नाही.

आत्या

*

उद्यमबाग,
२९ नोव्हेंबर २०२४

ती. आत्या,

हॉलमध्ये बसून लिहितेय. अक्षर वाकडं आहे ते मांडीवर वही धरल्यामुळे, खोटं लिहितेय म्हणून नव्हे.

सकाळी पोस्टात गेले. दोन पाकिटं माझ्या हातानं पेटीत टाकली. एक दिपालीला, बेळगुंदीला. एक कामगार खात्याला. आत त्या नोंदीची प्रत, आणि हूक काय करतो, कुणी लिहायला सांगितला, कुणी लिहिला. आत पडल्याचा आवाज ऐकू येईपर्यंत हात पेटीतच ठेवला. पोस्टातला माणूस म्हणाला, "काय ओ, मासा पकडताय काय?"

चार वाजता काचेच्या खोलीतून बाहेर आले. पोतं नव्हतं. सतराच्या रिकाम्या खुर्चीमागे उभी राहिले. तुझ्यासारखी तीन वाक्यं पाठ केली होती, ती बाजूला ठेवली. मग सरळ कागद वाचला. "पंचवीस ऑक्टोबर. सतरा नंबर. चार एक्कावन्न. चार त्रेपन्न. पाच वाजता. पाच सहा. पाच चौदा. पाच तीस. पाच बेचाळीस." काही जणींनी मान वर केली. मी म्हटलं, "दिपालीनं दाबलं होतं. तुमचेही माउस चांगले आहेत. तुमचं दाबणं मी पोचू देत नव्हते."

एरवी मला मॅडम म्हणणारी राजश्री म्हणाली, "म्हंजे आम्ही येड्यागत माउस फुंकत बसलो, आन् तू आतनं बघत बसलीस व्हय गं?"

"व्हय," मी म्हटलं.

वाटलं, उठून मारते. तिनं माउस हातभर लांब ढकलला. "मग आता हलवायचाच कशाला?" म्हणाली आणि हात मांडीवर ठेवले. आत्या, तुझी गोष्ट मी तिला सांगितली नव्हती.

तीन मिनिटांनी तेवीस लाल झाला. मग चोवीस, मग नऊ, मग खिडकीकडची अख्खी रांग. पाच-सहा जणी अजून अर्ज भरताहेत, खाली मान घालून. त्यांचे कागदही त्याच कपाटात आहेत, त्यांना मी काय म्हणू? सर धावत आले आणि सवयीनं ओरडले, "सुम्म कुंदरब्याड्री!" मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग पुष्कळ जणी हसल्या. ते माझ्याकडे वळले. "मॅडम, कपाट लक्षात आहे ना?"

"आहे सर. खुलाशावर सही करणार नाही."

किल्ली त्यांच्याच खिशात आहे. जिन्याचं दार त्यांनी बाहेरून लावून घेतलंय, आमचे फोन रोजच्यासारखे सकाळीच खालच्या पेटीत जमा झालेत. कुणाशी तरी कानडीत मोठ्यानं बोलताहेत. सोमवारी मी कुठे असेन, ठाऊक नाही. बाबांना तू सांग. तुझं ते ऐकून घेतात.

साडेपाचला राजश्रीनं डबा उघडला. माझ्याकडे न बघता अर्धी भाकरी आणि शेंगाची चटणी माझ्यापुढे सरकवली. तू दोनदा विचारलंस आणि मी दोनदा टाळलं: सप्टेंबरात तो आकडा बदलला, तेव्हापासून मी सांजेच्या आत जेवले नव्हते. यांना उठता येत नाही तर आपण कसं उठायचं, म्हणून. एवढी लाज होती, पण खायची वेळ चुकवण्यापुरतीच. आज खाल्लं. खिडकीत ऊन होतं.

भाकरी खाऊन मी दिपालीच्या खुर्चीत बसले आहे. बसल्यावर पडदा उजळावा म्हणून माउस एकदा हलवला, मग सोडला. माझ्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर हूक मी कधी बसवलाच नव्हता, त्यामुळे हे मला समोरून पहिल्यांदाच दिसतंय. आधी नुसत्या कडा तांबूस होतात. मग रंग आत सरकत येतो, सावकाश, म्हणजे बसलेलीला घाबरून हात पुढे करायला वेळ मिळावा. ते सावकाशपण मीच ठेवलं होतं.

हात पुढे केला नाही.

सतरा नंबर लाल झाला.

श्रद्धा